हूटरमधला बोळा : पुण्यातील एका व्यापारी इमारतीच्या फायर अलार्मच्या प्रकल्प नोंदी

१५ जुलै २०२४, सोमवार. पहिली पाहणी

तळघर, तळमजला आणि वर सहा मजले अशी ही इमारत २००९ साली बांधून झाली. उंची सुमारे २६ मीटर असून प्रत्येक मजल्याचे क्षेत्रफळ साधारण ९०० चौरस मीटर आहे. तळघरात वाहनतळ, विद्युत कक्ष आणि पंपरूम, तळमजल्यावर चौदा दुकाने, पहिल्या ते पाचव्या मजल्यांवर कार्यालये आणि सहाव्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास अशी सध्याची वाटणी आहे. गाळेधारकांच्या सोसायटीने जुनी आग-सूचना यंत्रणा दुरुस्त करावी की पूर्ण बदलावी, एवढाच प्रश्न आमच्याकडे दिला आहे.

फायर पॅनेल प्रवेशद्वाराशी वॉचमनच्या खुर्चीमागे आहे. ते जुन्या पद्धतीचे, आठ झोनचे पॅनेल असून एका मजल्याला एक दिवा असा त्याचा हिशेब आहे. आठपैकी पाच दिवे पिवळे होते, म्हणजे त्या मजल्यांच्या वायरिंगमध्ये दोष आहे. बॅटऱ्या फुगलेल्या निघाल्या. तळमजल्याच्या हूटरच्या, म्हणजे गजराच्या भोंग्याच्या, तोंडात वर्तमानपत्राचा घट्ट बोळा कोंबलेला होता. रात्रपाळीच्या वॉचमन काकांनी तो आपणच घातल्याचे न लपवता सांगितले. "रात्री दोन-तीनदा वाजतो साहेब. तिसऱ्याचा दिवा लागतो. वर जाऊन सगळ्या खोल्या बघायच्या, अर्ध्यांना कुलपं, आणि शेवटी काहीच नसतं. मग रोज रोज कोण जाणार?"

माझ्या अहवालात हा बोळा 'छेडछाड' या सदरात जाईल, परंतु खरे पाहता तो या यंत्रणेविषयीचा सर्वांत नेमका अभिप्राय आहे. ज्या मजल्यावर तीसहून अधिक डिटेक्टर आहेत तेथे एकच दिवा लावणारे पॅनेल माणसाला आग कुठे आहे हे सांगत नाही, फक्त धावायला लावते.

१८ जुलै २०२४, गुरुवार. आधारभूत नियम

आराखड्याचा पाया तीन कागदांवर ठेवला आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील भाग ४ प्रमाणे १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत बहुमजली उंच इमारत धरली जाते, त्यामुळे आमच्या इमारतीला स्वयंचलित डिटेक्शन आणि हस्तचालित सूचना अशा दोन्ही व्यवस्था लागू होतात. डिटेक्टरची निवड, अंतरे, वायरिंग आणि देखभाल यांसाठी आयएस २१८९ ही भारतीय मानकसंहिता आहे. तिसरा आधार म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. या अधिनियमानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे जण 'बी फॉर्म' म्हणतात, लायसन्स्ड एजन्सीकडून घेऊन मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोनदा सादर करायचे असते.

सोसायटीच्या सचिवांचा पहिला प्रश्न असा होता की, बी फॉर्म मिळेल इतपत दुरुस्ती केली तर चालेल का. मी त्यांना नकाशावर तिसरा मजला दाखवला आणि दिवा लागल्यावर वॉचमनने नेमके कुठे जायचे ते विचारले. संपूर्ण बदल करण्याचा ठराव पुढच्या बैठकीत मांडण्याचे ठरले.

२६ जुलै २०२४, शुक्रवार. डिटेक्टरची मांडणी

ठराव मंजूर झाला आहे. सपाट छताखाली कोणत्याही बिंदूपासून जवळच्या स्मोक डिटेक्टरपर्यंतचे आडवे अंतर ७.५ मीटरपेक्षा, आणि हीट डिटेक्टरपर्यंतचे ५.३ मीटरपेक्षा जास्त नसावे. या अंतराने चौकोनी जाळी टाकली तर दोन स्मोक डिटेक्टरांमध्ये साधारण १०.६ मीटर सुटतात, आणि ९०० चौरस मीटरच्या मोकळ्या मजल्याला नऊ डिटेक्टर पुरतील असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात मोकळा मजला या इमारतीत एकही नाही. केबिन, बैठकीच्या खोल्या, फायलींची कोठारे, सर्व्हरच्या खोल्या अशा भिंतींनी प्रत्येक मजला चिरलेला आहे, आणि छतापर्यंत गेलेली प्रत्येक भिंत धूर अडवते, म्हणून खोलीगणिक डिटेक्टर द्यावा लागतो. त्यामुळे फॉल्स सीलिंगखालीच मजल्यामागे सरासरी २६ डिटेक्टर लागत आहेत.

सीलिंगच्या वरची पोकळी हा वेगळाच विषय निघाला. ८०० मिलिमीटरपेक्षा उंच पोकळीतही डिटेक्टर हवेत, कारण त्या पोकळीतून वीजवाहिन्या जातात आणि तेथे लागलेली आग खालच्या माणसाला फार उशिरा दिसते. सहाही मजल्यांवर पोकळी सुमारे ९५० मिलिमीटर भरली, फक्त दुसऱ्या मजल्याच्या पश्चिम भागात ती ७८० भरली. तेथील भाडेकरूंच्या अंतर्गत सजावटीच्या ठेकेदाराने 'वीस मिलिमीटर कमी आहे, सोडून द्या' असे सुचवले. पण त्याच पोकळीत वातानुकूलनाचे कंट्रोल पॅनेल टांगलेले आहे. संहिता ही किमान मर्यादा सांगते, त्यामुळे तेथेही डिटेक्टर दाखवले आहेत. पोकळीतल्या प्रत्येक डिटेक्टरसाठी खाली सीलिंगवर लाल दर्शक दिवा येईल, नाहीतर वाजणारा डिटेक्टर शोधायला दहा टाइल्स उचकटाव्या लागतात.

जागेनुसार प्रकार असे ठरले. कार्यालये, मार्गिका आणि दुकाने यांत प्रकाशविकिरणावर चालणारे स्मोक डिटेक्टर. पँट्रीत हीट डिटेक्टर. सर्व्हरच्या खोल्यांत धूर व तापमान दोन्ही पाहणारे मल्टिसेन्सर. तळघराच्या वाहनतळात हीट डिटेक्टर. वातानुकूलनाच्या हवेच्या तोंडापासून किमान एक मीटर आणि भिंतीपासून अर्धा मीटर अंतर राखायचे आहे. छताच्या उंचीच्या दहा टक्क्यांहून खोल असलेल्या तुळया भिंतीसारख्या मोजल्या, त्यामुळे तळघरात चार डिटेक्टर वाढले.

जुन्या यंत्रणेच्या खोट्या गजरांचे एक कारणही आज सापडले. तिसऱ्या मजल्याच्या पँट्रीत चहाच्या शेगडीपासून दीड मीटरवर स्मोक डिटेक्टर होता. रात्रपाळीतले कॉल सेंटर सकाळपर्यंत चहा करत असे आणि खाली वॉचमन काका मजले चढत असत.

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार. पॅनेल, लूप आणि बॅटरी

एकूण २७८ डिटेक्टर, १८ हस्तचालित सूचना पेट्या आणि इतर यंत्रांना पॅनेलशी जोडणारी ४० मॉड्यूल मिळून ३३६ उपकरणे झाली. प्रत्येक लूपवर १२५ उपकरणांची मर्यादा असलेले चार लूपचे ॲड्रेसेबल पॅनेल निवडले, म्हणजे सरासरी ८४ उपकरणे एका लूपवर येतील आणि भाडेकरूंनी पुढे भिंती वाढवल्या तरी जागा उरेल. त्या वाढवणारच, यात शंका नाही.

ॲड्रेसेबल यंत्रणेत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता असतो, आणि पॅनेल लूपवरून सतत फेरी मारत एकेकाची विचारपूस करते. वायर पॅनेलमधून निघून सगळ्या उपकरणांवरून फिरून पुन्हा पॅनेललाच येते, त्यामुळे ती एका ठिकाणी तुटली तरी दोन्ही टोकांकडून संपर्क राहतो. शॉर्ट सर्किट झाले तर मात्र अख्खा लूप आडवा होऊ शकतो, म्हणून दर वीस डिटेक्टरांच्या आत एक आयसोलेटर, म्हणजे बिघडलेला तुकडा वेगळा काढणारे उपकरण, असले पाहिजे. आम्ही त्याशिवाय मजला बदलताना प्रत्येक वेळी आयसोलेटर ठेवला आहे. सूचना पेट्या जिन्याच्या दारांशी व बाहेर पडण्याच्या वाटेवर अशा बसतील की, मजल्यावरील कोणालाही २२.५ मीटरपेक्षा जास्त चालावे लागणार नाही.

बॅटरीचा हिशेब सविस्तर लिहून ठेवतो, कारण हा हिशेब न करता 'नेहमीची लावा' म्हणण्याची पद्धत मी खूपदा पाहिली आहे. वीज गेल्यावर यंत्रणा २४ तास शांत स्थितीत आणि त्यानंतर अर्धा तास पूर्ण गजरात चालली पाहिजे असे आम्ही धरले आहे. शांत स्थितीतील प्रवाह ०.९२ अँपिअर, म्हणून २४ तासांचे २२.०८ अँपिअर-तास. गजराच्या वेळी ३१ हूटर प्रत्येकी ७५ मिलिअँपिअर घेतील, त्यात पॅनेलचे व मॉड्यूलचे धरून ३.४ अँपिअर, म्हणून अर्ध्या तासाचे १.७. बेरीज २३.७८. बॅटरी जुनी होत जाते म्हणून सव्वापट केल्यावर २९.७ अँपिअर-तास होतात. पुरवठादाराने कोटेशनमध्ये २६ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या दिल्या होत्या, त्या परत करून ४२ च्या मागवल्या. पॅनेलचा चार्जर त्या भरून काढण्याएवढा आहे का, हेही लेखी विचारले आहे. जुन्या पॅनेलमध्ये सात अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या होत्या.

२१ ऑगस्ट २०२४, बुधवार. केबल आणि हूटरचा विद्युतदाब

केबल वर नेणाऱ्या उभ्या शाफ्टमध्ये पाणी आहे. पावसाचे पाणी गच्चीच्या तोंडातून उतरून चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचते, आणि जुन्या केबलचे जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेले होते, पाच पिवळ्या दिव्यांपैकी तिघांचे मूळ तेथेच होते. शाफ्टचे तोंड बंद करेपर्यंत नवी केबल ओढायची नाही असे ठरवले, त्यामुळे नऊ दिवस गेले. सोसायटीला हा उशीर रुचला नाही.

लूपसाठी १.५ चौरस मिलिमीटरची दोन तारांची आर्मर्ड तांब्याची केबल आहे. हूटरच्या मार्गासाठी आगीतही काही काळ तग धरणारी फायर सर्व्हायव्हल केबल घेतली आहे, कारण डिटेक्टरने आपले काम एकदा केले की संपते, पण हूटरला आग पसरत असतानाही वाजत राहायचे असते.

पाचव्या व सहाव्या मजल्यांच्या आठ हूटरचा मार्ग सुमारे १८० मीटर लांब होतो. आठ हूटर मिळून ०.६ अँपिअर घेतात. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२.१ ओहम, जाऊन-येऊन १८० मीटरला ४.३६ ओहम, म्हणजे शेवटच्या हूटरपर्यंत २.६ व्होल्ट गळतात. बॅटरी उतरत येऊन २०.४ व्होल्टवर आली असेल तर वरच्या हूटरला १७.८ व्होल्ट मिळतील, आणि या हूटरची किमान गरज १७ आहे. एवढ्या काठावर चालायचे नाही, म्हणून हा एक मार्ग २.५ चौरस मिलिमीटरचा केला. तेव्हा गळती १.६ व्होल्टवर येते. सर्वांत वरचा मजला मुलांनी भरलेला असतो. सुरतेत २४ मे २०१९ रोजी एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरील क्लासमध्ये आगीत २२ विद्यार्थी गेले, ते लक्षात ठेवून मी या मार्गाचा हिशेब दोनदा तपासला.

जुने डिटेक्टर उतरवताना त्यांतले ४० आयनीकरण प्रकारचे निघाले. त्यांत अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा सूक्ष्म अंश असतो, ज्याचे अर्धायुष्य ४३२ वर्षांच्या आसपास आहे. हे डिटेक्टर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतात आणि भंगारात न घालता पुरवठादारामार्फत परत पाठवावे लागतात. भंगारवाल्याने पोते आणि तराजू दोन्ही आणले होते, त्याला तसेच परतावे लागले. डबे मोजून, खोक्यावर चिठ्ठी लावून, सोसायटीच्या कपाटात कुलपात ठेवले आहेत.

११ सप्टेंबर २०२४, बुधवार. तिसऱ्या मजल्यावरचे गणपती

तिसऱ्या मजल्याचे काम पूर्ण झाले असून तो भाग चाचणीसाठी चालू ठेवला आहे, हूटर अद्याप बंद आहेत. कॉल सेंटरमध्ये सात दिवसांचा गणपती बसला आहे. काल सायंकाळच्या आरतीला सव्वासात वाजता पॅनेलवर त्या खोलीचा पत्ता उमटला. धूप, कापूर आणि वीस-पंचवीस माणसे एका लहान बैठकीच्या खोलीत असताना डिटेक्टर बोलला नसता तर तोच दोष ठरला असता, हे मी व्यवस्थापकांना सांगितले. त्यांचा आग्रह मात्र असा की, उत्सव होईपर्यंत त्यावर प्लास्टिकची टोपी चढवावी.

टोपी चढवण्यास मी नकार दिला. मूर्ती आणि डिटेक्टर यांतले अंतर वाढवण्यासाठी मखर खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवले, आणि पॅनेलमधून त्या एकाच पत्त्याची संवेदनशीलता सायंकाळी सहा ते आठ कमी केली. आरतीच्या वेळी एक माणूस खोलीबाहेर उभा राहील. नोंदवहीत कोणी, केव्हा, किती वाजेपर्यंत हे लिहिले आहे. टोपी कोणी काढायची हे कोणाच्याच नावावर नसते. जुन्या इमारतींत अशा टोप्या दिवाळीनंतर आणि होळीनंतरही तशाच सापडतात.

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार

तळघरात डासांसाठी धुराची फवारणी झाली. २२ हीट डिटेक्टरांपैकी एकही बोलला नाही. मात्र जिन्याच्या दरवाजातून धूर वर आला आणि तळमजल्याच्या मार्गिकेतील दोन स्मोक डिटेक्टर लागले, यावरून तो दरवाजा आपोआप पूर्ण मिटत नाही हे कळले. दाराचा क्लोजर बदलायला दिला आहे. फवारणीवाल्यांनी फुकटात चाचणी करून दिली म्हणायची.

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार. पत्त्यांना नावे

आजचा पूर्ण दिवस केवळ नावे लिहिण्यात गेला, आणि माझ्या मते प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच होता.

एजन्सीच्या तंत्रज्ञाने पॅनेलमध्ये नेहमीप्रमाणे लूप क्रमांक आणि उपकरण क्रमांक एवढेच भरले होते. 'लूप २, उपकरण ४१' हे त्याला आणि मला कळते. रात्री दोन वाजता पॅनेलसमोर उभ्या असलेल्या काकांना त्याचा काही उपयोग नाही, आणि त्यांच्या दृष्टीने जुन्या एका दिव्यात व या नव्या आकड्यात काहीच फरक पडत नाही. आम्ही ३३६ उपकरणांची यादी काढून प्रत्येकासमोर मजला, दिशा आणि खोली असा मजकूर लिहिला. पॅनेल देवनागरी दाखवत नाही, त्याची रोमन अक्षरेही एका ओळीत मोजकीच मावतात. म्हणून मराठी शब्दच रोमन लिपीत बसवले, कारण काकांना 'पूर्व' चटकन कळते आणि इंग्रजी दिशा त्यांच्या मनात उलट्या पडतात.

ही नावे ठरवताना दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनना बरोबर घेतले. नकाशावर ज्याला 'कॉन्फरन्स रूम दोन' म्हटले आहे तिला इमारतीत सगळे 'काचेची खोली' म्हणतात, आणि पाचव्या मजल्यावरच्या कोठाराचे नाव दोन भाडेकरू बदलूनही अजून 'बँकेची खोली' असेच आहे. पॅनेलमध्ये तीच नावे गेली. पॅनेलशेजारी प्रत्येक मजल्याचा मराठी नकाशा लॅमिनेट करून टांगला, त्यावर खोलीच्या चाव्यांचा क्रमांकही टाकला, आणि चाव्यांची पेटी पॅनेलच्या उजव्या हाताला हलवली.

नावे भरताना चार ठिकाणी पत्ता आणि प्रत्यक्ष जागा यांत अदलाबदल सापडली. दोन डिटेक्टरांना एकच पत्ता दिल्याचेही एक उदाहरण निघाले, ते पॅनेलने आधीच दोष म्हणून दाखवले होते. अदलाबदल मात्र कोणतेही पॅनेल ओळखू शकत नाही, ती फक्त खोलीत जाऊन डिटेक्टर वाजवून पाहिल्यावरच कळते.

२३ ऑक्टोबर २०२४, बुधवार. गजरानंतर काय व्हावे

डिटेक्टर लागल्यावर इमारतीने स्वतः काय काय करायचे, याचा तक्ता आज प्रत्यक्ष तपासला. एका बाजूला कारणे, दुसऱ्या बाजूला परिणाम असा तो तक्ता दीड महिन्यापूर्वी सगळ्यांच्या सह्यांनिशी ठरला होता, तरी तीन ठिकाणी प्रत्यक्ष वेगळे घडले.

वातानुकूलनाचे पंखे सर्वप्रथम पाहिले. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्यातील एएमआरआय रुग्णालयात आग तळघरात लागली होती, पण वरच्या मजल्यांवरील रुग्ण मुख्यत्वे धुराने गुदमरून गेले. धूर इमारतीत वर चढतो तेव्हा चालू राहिलेला प्रत्येक पंखा त्याला मदत करतो. आमच्याकडे कोणत्याही मजल्यावर डिटेक्टर लागताच त्या मजल्याचा पंखा बंद झाला पाहिजे आणि हवेच्या डक्टमधील फायर डॅम्पर, म्हणजे धूर अडवणारी झडप, मिटला पाहिजे. पहिला ते पाचवा ठीक निघाले. सहाव्या मजल्याचा पंखा बंद झाला आणि चाळीस सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू झाला, कारण क्लासने थर्मोस्टॅटसाठी स्वतंत्र टायमर बसवला होता. आता रिले थेट पंख्याच्या स्टार्टरच्या नियंत्रण-वाहिनीत घेतला आहे, म्हणजे टायमरने कितीही सांगितले तरी पॅनेल पूर्ववत केल्याशिवाय पंखा सुरू होणार नाही.

लिफ्टबाबत उलटा घोटाळा होता. पॅनेलची वीज काढली की दोन्ही लिफ्ट तळमजल्यावर येऊन दारे उघडून बसत होत्या. लिफ्ट-कंपनीच्या माणसाने मॉड्यूलच्या चुकीच्या काँटॅक्टला तारा जोडल्या होत्या. तारांची जागा बदलल्यावर गजर झाला तरच लिफ्ट खाली येते. फायर लिफ्ट अग्निशमन जवानांच्या स्विचने वापरता येते, तीही तपासली.

तिसरे प्रकरण गंभीर होते. सहाव्या मजल्याच्या क्लासच्या मुख्य दारावर हजेरीच्या यंत्राला जोडलेले विद्युतचुंबकीय कुलूप आहे. गजर झाल्यावर हजेरीच्या यंत्राकडे 'दार उघड' असा संदेश गेला, यंत्राने तो घेतला, पण दार उघडले नाही, कारण कुलपाचा पुरवठा वेगळ्या ॲडॅप्टरवरून आणि तोही यूपीएसवरून होता. कुलपाच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्याच्या तारेतच आमच्या मॉड्यूलचा काँटॅक्ट मालिकेत घातला, म्हणजे गजराबरोबर कुलपाची वीजच तुटते आणि चुंबक सुटतो. दाराशेजारी आतल्या बाजूने, आणीबाणीत दार उघडण्यासाठी, हिरवी काचपेटीही बसवली. क्लासच्या संचालक सरांनी हा खर्च कोणाचा असे विचारले. सोसायटीने तो उचलला, कारण त्या वादात मला एकही दिवस घालवायचा नव्हता.

स्प्रिंक्लरचे फ्लो स्विच, म्हणजे नळीत पाणी वाहू लागले की कळवणारे स्विच, मजल्यागणिक मॉड्यूलने जोडले आहेत. पंप सुरू होताना दाबाच्या धक्क्याने ते खोटे लागू नयेत म्हणून ३० सेकंदांचा विलंब ठेवला आहे.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. आवाज

कार्यालये बंद असताना ध्वनिमापक घेऊन फिरलो. अपेक्षा अशी की, सर्वत्र किमान ६५ डेसिबेल, किंवा तेथील नेहमीच्या आवाजापेक्षा किमान ५ डेसिबेल जास्त, यांतले जे अधिक ते मिळावे. मार्गिकांत ८० ते ८८ मिळाले. पण काचेची दारे बंद केलेल्या आतल्या केबिनांत तिसऱ्या मजल्यावर ५७ आणि सहाव्या मजल्याच्या मागच्या वर्गात ५९ भरले. मागच्या वर्गात शिक्षक ध्वनिक्षेपक वापरतात, म्हणजे तेथे नेहमीचा आवाजच ७० च्या वर जातो.

पाच हूटर वाढवले, त्यांपैकी दोन सहाव्या मजल्यावर. वाढलेल्या भाराने तेथील मार्गाची गळती २ व्होल्टवर गेली, शेवटच्या हूटरला १८.४ व्होल्ट उरतात. जाड तार घेतली नसती तर आज हे दोन हूटर लावता आले नसते. ध्वनिक्षेपकाचा पुरवठाही गजराबरोबर तुटेल अशी जोडणी केली. तळघरातील पंपरूममध्ये पंप चालू असताना कोणताच हूटर पुरेसा ऐकू येत नाही, तेथे लखलखणारा दिवाही लावला.

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार. रात्रीची तालीम

दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनना न कळवता, सचिवांच्या संमतीने, रात्री अकरा वाजता तालीम घेतली. तुलनेसाठी जुलैमध्ये जुने पॅनेल असताना अशीच एक चाचणी केली होती. तेव्हा चौथ्या मजल्यावरील खोली शोधायला काकांना अकरा मिनिटे लागली होती. आज आम्ही पाचव्या मजल्याच्या 'बँकेच्या खोलीत' एरोसोलच्या डब्याने डिटेक्टर लावला. काकांनी पॅनेल वाचले, नकाशा पाहिला, चावी घेतली आणि तीन मिनिटे दहा सेकंदांत ते दारात होते. लिफ्ट खाली येऊन थांबल्यामुळे त्यांना जिना चढावा लागला, म्हणून ते थोडे रागावलेही होते.

गजराच्या विलंबाविषयी बराच खल झाला. दिवसा एकच डिटेक्टर लागला तर दोन मिनिटे तपासणीसाठी हूटर थांबतील. दुसरा डिटेक्टर लागला किंवा कोणी सूचना पेटी दाबली तर विलंब नाही. रात्री मात्र कसलाही विलंब ठेवलेला नाही, कारण रात्री इमारतीत एकच वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावर काम करणारी माणसे असतात. पॅनेल मूक करण्याची किल्ली वॉचमनकडेच राहील, परंतु ती वापरल्यावर वेळ, पत्ता आणि जाऊन पाहिलेली स्थिती नोंदवहीत लिहिणे बंधनकारक केले आहे.

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार. हस्तांतरण

सर्व उपकरणे एकेक करून तपासली. स्मोक डिटेक्टर एरोसोलने, हीट डिटेक्टर गरम हवेच्या बंदुकीने, सूचना पेट्या चाचणीच्या किल्लीने. उदबत्तीने तपासणी करणारे लोक अजूनही आहेत. तिची राख आणि तेलकट थर आतल्या कक्षात बसून पुढे खोटे गजर होतात. अंतिम चाचणीच्या यादीत सात डिटेक्टर प्रतिसाद देईनात. सातांवरही रंगकामासाठी लावलेल्या केशरी टोप्या तशाच होत्या. पॅनेलच्या दृष्टीने ते निरोगी होते, कारण टोपीखालचा डिटेक्टर पॅनेलला आपण ठीक असल्याचेच सांगत राहतो. आता टोप्या मोजून दिल्या आणि मोजून परत घेतल्या: २५६ दिल्या, २५६ आल्या.

प्रत्यक्ष बसवल्याप्रमाणे नकाशे, कारण-परिणामांचा तक्ता, बॅटरीचा हिशेब, ध्वनीच्या नोंदी आणि पत्त्यांची यादी यांच्या दोन प्रती सोसायटीला दिल्या. तिसरी प्रत पॅनेलच्या दाराच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

बी फॉर्म एजन्सीने दिला, सोसायटीने सादर केला. आयनीकरण डिटेक्टरांची खोकी पुरवठादाराकडे गेली, पोच आली. दुसऱ्या मजल्याचे नवे भाडेकरू दोन केबिन वाढवणार आहेत, त्यासाठी लूप दोनवर तीन पत्ते राखून ठेवले.

नोंदवहीत परवाच्या रात्रीची काकांच्या हातची नोंद आहे: "२.४० वाजता. तळमजला पूर्व, दुकान ९ मागची बाजू. जाऊन बघितलं. धूर नाही, वास नाही. परत वाजलं, परत गेलो. तिथंच थांबलो पंधरा मिनिटं." आज डिटेक्टर उतरवून उघडला, तर आतल्या कक्षात झुरळाचे पिलू होते. जाळी एका कडेला दबलेली आढळली. डिटेक्टर बदलला, पत्ता तोच दिला, आणि दुकानदाराला मागच्या बाजूच्या खोक्यांचा ढीग छतापासून अर्धा मीटर खाली ठेवण्यास सांगितले.